शर्यतीची गाडी निवडताना

आमच्या बेळगावच्या घरात गेल्या जूनपासून दसऱ्यापर्यंत एकच विषय चालू होता. भाचीसाठी रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी घ्यायची तर कुठली घ्यायची? मी सॉफ्टवेअरवाला. दोन पर्याय समोर आले की आधी तक्ता करणार, रकाने पाडणार, गुण देणार. पण या वेळी तक्त्यात मावणार नाही असं बरंच काही होतं, म्हणून मंडळाच्या अंकासाठी हे सविस्तर लिहितो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आठवी-नववीतली मुलं आहेत, त्यांना यातला काही भाग उपयोगी पडेल.

आधी भाचीबद्दल. ताईचं सासर निपाणीचं. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून सुरू होतं आणि निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागातली बरीच मुलं त्या वेळी बेळगावला मामाकडे, काकाकडे नाहीतर वसतिगृहात येतात. आमची भाचीही जूनमध्ये ट्रंक घेऊन आली. सातवीपर्यंत मराठी माध्यम, आठवीला इंग्रजी. निपाणीत वर्गात पहिल्या पाचांत असायची. इथे महिन्याभरात तिने घरात बोलणंच कमी केलं. शाळेतून आली की कोपऱ्यात मोबाइल. आई मला म्हणायची, "अरे, पोरगी बोलतच न्हाई की रे. जेवायला वाढलं तर जेवते, न्हाईतर तेही न्हाई." पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी सहा पडले, तेव्हा तिने ताईला फोन करून सांगितलं, मला परत न्या, मला गणित येत नाही.

ताई आणि दाजींनी ठरवलं, दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत बघू. तोवर रमली नाही तर निपाणीला परत दाखला घ्यायचा. म्हणजे आमच्याकडे साडेतीन-चार महिने होते.

गाडीचा विषय तिनेच काढला. माझ्या टिळकवाडीतल्या मित्राकडे अशी गाडी आहे. तो मूळचा गोकाकचा, घरी कन्नड, आमच्याशी अस्सल बेळगावी मराठी. एका रविवारी व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला तो गाडी पळवत होता, भाची माझ्याबरोबर होती. पंधरा मिनिटं ती एका जागी उभी राहून बघत होती आणि घरी येताना महिन्याभरातला पहिला लांब प्रश्न तिने मला विचारला: "मामा, तिची चारही चाकं फिरत होती. मग वळताना आतलं आणि बाहेरचं चाक सारखंच कसं फिरेल?"

ज्या मुलीला गणित येत नाही तिचा हा प्रश्न! बाहेरच्या चाकाला वळणावर जास्त अंतर कापावं लागतं, हे तिने बघून ओळखलं होतं. याचं उत्तर म्हणजे डिफरन्शियल. दोन्ही चाकांना ताकद पोचवायची, पण एकाला दुसऱ्यापेक्षा जास्त फिरायची मुभा द्यायची, हे काम ती छोटी दातेरी चाकांची डबी करते. आपल्या कारमध्ये, ट्रॅक्टरमध्ये असते तीच. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढे एक आणि मागे एक अशा दोन डब्या असतात. मी तिला हे कागदावर काढून दाखवलं आणि त्याच रात्री गाड्या शोधायला बसलो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाजारात चौकात मिळणारी रिमोटची गाडी वेगळी आणि ही वेगळी. या गाड्यांना बग्गी म्हणतात. उघडी चाकं, लांब सस्पेन्शन, तेल भरलेले शॉकॲब्सॉर्बर, मागे पंख. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची म्हणजे १/१० मापाची बग्गी सगळ्यांत जास्त चालते, त्याखाली १/१४ची. मातीवर पळण्यासाठीच ती केलेली असते. मागची दोनच चाकं ओढणारी बग्गी सैल मातीत जरा जास्त वेग दिला की गर्रकन फिरते. चारही चाकं ओढणारी सरळ राहते, म्हणून नवशिक्यासाठी ती बरी.

हा खेळ चाळीस वर्षांपेक्षा जुना आहे. १/१० मापाच्या मातीवरच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मार इथे झाली. चारचाकी ओढीच्या गटात जपानच्या योकोमो कंपनीची गाडी जिंकली. त्याच साली जपानच्याच टामियाने हॉटशॉट ही आपली पहिली चारही चाकं ओढणारी बग्गी आणली. १९८७ साली इंग्लंडमध्ये रॉम्सीला मासामी हिरोसाका नावाचा विशीही न गाठलेला जपानी मुलगा शूमाकर या इंग्लिश कंपनीच्या कॅट गाडीवर जगज्जेता झाला. पुढे त्याने एकूण १४ जागतिक किताब मिळवले. त्याची गाडी तयार करायला त्याचे वडील असत, ही गोष्ट मी आमच्या आप्पांना मुद्दाम सांगितली. त्याचं कारण पुढे येईलच.

त्या काळच्या गाड्यांमध्ये एक गंमत आहे. मोटारीची ताकद पुढच्या चाकांपर्यंत न्यायची कशी, यावर कुणाचंच एकमत नव्हतं. योकोमोने सायकलसारखी साखळी वापरली, शूमाकरने पट्टा वापरला, टामियाच्या हॉटशॉटमध्ये मधोमध फिरणारा दांडा होता. साखळी मातीने खराब होते आणि सैल पडते. पट्टा हलका आणि गुळगुळीत चालतो, पण त्यात खडा गेला तर दात जातात. दांडा थोडा जड, पण बंद डबीत ठेवता येतो. आजही निवड करताना हा प्रश्न येतोच. आपल्याकडची तांबडी माती आणि मुरूम बघून मी सुरुवातीलाच ठरवलं की दांडाच हवा आणि दातेरी चाकं झाकलेली हवीत.

चाळता चाळता तीन पर्याय उरले.

पहिला, मित्राचा आवडता. चीनच्या डब्ल्यूएलटॉइजची १४४००१. माप १/१४, चारही चाकांना ओढ, धातूची तळपट्टी, डब्यात रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं तयार. बॅटरी चार्ज करा आणि पळवा. कंपनी सांगते तो वेग तासाला ६० किलोमीटरच्या घरातला. किंमत एखाद्या साध्या स्मार्टफोनइतकी.

दुसरा, टामियाची टीटी-०२बी. माप १/१०, मधोमध दांडा, गिअर बंदिस्त. पण ही गाडी तयार येत नाही. डब्यात पिशव्या भरून सुटे भाग येतात आणि चित्रांचं पुस्तक येतं. मोटार मिळते, पण रिमोट, सर्व्हो, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यायचे. बेअरिंगच्या जागी प्लास्टिकची बुश असतात, बॉल बेअरिंग हवी तर तीही वेगळी. वेग बेताचा. सगळं जोडून पहिल्या गाडीच्या साधारण दुप्पट खर्च.

तिसरा पर्याय पुण्यातल्या ऑफिसच्या सहकाऱ्याने सुचवला. स्लोव्हाकियाच्या एक्सरे कंपनीची एक्सबी४. ही खरी स्पर्धेची गाडी. प्रत्येक कोन, प्रत्येक उंची बदलता येते. हीसुद्धा सुट्या भागांत येते आणि मोटारीपासून बॅटरीपर्यंत सगळं वेगळं घ्यावं लागतं. सगळा हिशोब केला तर आकडा नव्या स्कूटरच्या जवळ जातो. सहकारी म्हणाला, "एकदाच घे, चांगली घे." त्याचं म्हणणं चूक नाही. पण जिच्यासाठी घ्यायची ती अजून एकदाही रिमोट हातात न धरलेली आठवीतली मुलगी होती, आणि आमच्या आसपास ज्यावर ही गाडी आपलं कसब दाखवील असा बांधलेला ट्रॅकही नव्हता. तिसरा पर्याय आठवड्याभरात गळला.

पहिल्या दोघांत मात्र खरी चुरस होती. मित्र म्हणाला, "अरे, पोरांना पळवायला पाहिजे. जोडत बसायला कुणाला वेळ आहे? पहिल्या दिवशी पळाली नाही तर दुसऱ्या दिवशी ती बघणार पण न्हाई." यात तथ्य होतं. महिनाभर गप्प असलेल्या मुलीपुढे स्क्रूच्या पिशव्या टाकायच्या, आणि ते तिला आणखी एक घरचा अभ्यास वाटला तर?

मी वेगाचा हिशोब मांडला. ६० किलोमीटर वेगाची ९०० ग्रॅमची गाडी कुणाच्या पायावर आदळली तर काय होईल? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे जवळजवळ १२५ ज्यूल. क्रिकेटचा १६० ग्रॅमचा चेंडू तासाला १२० किलोमीटरने आला तर साधारण ९० ज्यूल होतात. उलट दीड किलोची गाडी २५ किलोमीटरने पळत असेल तर ३६ ज्यूल. मैदानावर सकाळी फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी आणि त्यांच्या मागे पळणारी नातवंडं आठवली, तेव्हा वेग हा गुण धरायचा की दोष, हेच तक्त्यात उलटं झालं. अर्थात वेगवान गाडीचाही वेग रिमोटवरून कमी ठेवता येतो, हे मित्राने लगेच सांगितलं. तेही बरोबर.

मग सुटे भाग. खेळण्यांवरचा आयात कर २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. देशात खेळणी बनावीत, वाईट प्लास्टिक मुलांच्या हाती जाऊ नये, हे हेतू चांगलेच आहेत. पण परदेशी गाडीचा एक दात मोडला तर तो चार दिवसांत मिळेल, अशी आशा धरू नये. मित्राकडे याआधी दुसऱ्याच एका कंपनीची तयार गाडी होती. ती फुटपाथच्या कडेला आदळली, स्टिअरिंगचा पेराएवढा तुकडा मोडला आणि तो येईपर्यंत पाच आठवडे गाडी कपाटावर होती. हौशी लोकांच्या अशा बहुतेक गाड्यांच्या डब्यावर १४ वर्षांवरील असं छापलेलं असतं, हेही लक्षात ठेवावं. भाची तेराची, म्हणजे बरोबर मोठं माणूस हवंच.

एका रात्री जेवताना मी दोन्ही पर्याय सगळ्यांसमोर मांडले. भाचीने एकच विचारलं, "तुटली तर कोण दुरुस्त करणार?" आणि आप्पांनी एकच विचारलं, "उघडता येते का?"

आप्पा म्हणजे माझे वडील. उद्यमबागेत फौंड्रीत त्यांनी तीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काढली. ओतकामाआधी लाकडाचा साचा, म्हणजे पॅटर्न, बनवायचा हे त्यांचं काम. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा थोडा मोठा. निवृत्त झाल्यापासून ती पट्टी, व्हर्निअर, पटाशा सगळं जिन्याखालच्या पेटीत आहे. आप्पा रोज सकाळी पेपर, संध्याकाळी देवळापर्यंत फेरी, बाकी वेळ टीव्हीसमोर. घरात गप्प राहणारी माणसं एक नव्हती, दोन होती, हे त्या दोन प्रश्नांमुळे माझ्या ध्यानात आलं.

दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर एकच गाडी देत होती. जी आपण जोडली ती आपल्याला उघडता येते. जी उघडता येते ती दुरुस्त करता येते. त्या रात्री मी टीटी-०२बी मागवली. मित्र म्हणाला, "बघ हां. पावसाळा आहे, तसंही पळवायला मैदान कुठं आहे?" त्याला ते टोमण्यासारखं म्हणायचं होतं, पण मला तो मोठाच मुद्दा वाटला. बेळगावचा जुलै-ऑगस्ट आपल्याला माहीत आहे. दोन महिने बाहेर चिखल. तयार गाडी आणली असती तर ती घरात सोफ्याखालून पळाली असती. जोडायची गाडी पावसाळ्यातच शोभते.

डबा आला. आप्पांनी पेटी काढली. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ असा नेम ठरला. पुस्तकात शब्द थोडे, चित्रं जास्त. स्क्रू खऱ्या मापात छापलेले असतात, कागदावर ठेवून ताडायचे. पहिल्या आठवड्यात भाचीने व्हर्निअर वाचायला शिकून घेतलं. आप्पा तिला सांगायचे, "आधी मुख्य पट्टी, मग बारकी. घाई केलीस तर चूक होईल, आणि पॅटर्नमध्ये चूक झाली तर शंभर नग चुकीचे ओतले जातात." मागचं डिफरन्शियल तिने स्वतः भरलं. एक चाक हाताने पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, हे बघून ती इतक्या मोठ्याने हसली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

खरी गोष्ट मात्र तिसऱ्या आठवड्यात घडली. मोटारीवर जे छोटं दातेरी चाक बसतं त्याला पिनियन म्हणतात. किती दातांचं बसवायचं हे आपण ठरवायचं. मी म्हणालो, "गिअर रेशो काढ." ती गप्प. मी म्हणालो, "अगं, गुणोत्तर." ती म्हणाली, "रेशो म्हणजे गुणोत्तर? वर्गात ते रोज रेशो रेशो म्हणतात." मग एकेक बाहेर आलं. परीघ तिला येत होता, सर्कमफरन्स येत नव्हतं. लसावि येत होता, एलसीएम येत नव्हतं. छेद, अंश, वर्गमूळ, सगळं येत होतं. फक्त त्यांची नावं रात्रीत बदलली होती आणि नवी नावं कुणी तिला जुन्यांशी जोडून दिली नव्हती. वर्गात चाळीस मुलं, विचारायची लाज. तिने आपल्याला गणितच येत नाही असं धरून टाकलं.

त्या रात्री टेबलावर तिने वहीचे तीन रकाने केले. मराठी, इंग्रजी आणि कन्नड. कन्नडचा रकाना भरायला रविवारी मित्र आला. व्यासाला कन्नडमध्ये काय म्हणतात, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, "व्यासच." वर्तुळाला वृत्त, परिघाला परिधी, गुणोत्तराला अनुपात. ती म्हणाली, "मग कन्नड तर सोपंच आहे की." सीमाभागात वाढलेल्या आपल्या मुलांना तीन भाषांचं ओझं वाटतं. त्यातली दोन एकमेकींच्या किती शेजारी राहतात, हे त्यांना दाखवायला कुणीतरी बसावं लागतं, एवढंच.

मग गणित सुरू झालं. समजा पिनियनला २० दात आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या चक्राला ७०. गुणोत्तर ३.५. पुढे चाकांपर्यंत आणखी २.६ पट. एकूण ९.१. म्हणजे मोटार ९.१ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. मोटार मिनिटाला १५,००० फेऱ्या मारते असं धरलं, तर चाक साधारण १,६५० फेऱ्या मारणार. चाकाचा व्यास साडेआठ सेंटिमीटर, म्हणून परीघ २६.७. मिनिटाला ४४० मीटर, तासाला २६ किलोमीटर. पिनियन २२ दातांचं केलं तर एकूण गुणोत्तर ८.२७ होतं आणि वेग २९ च्या जवळ जातो. मग २२च बसवू या, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पण मोटारीला जास्त जोर लागेल ना? सायकलला वरचा गिअर टाकून चढ चढल्यासारखं." बरोबर. सैल मातीत मोटार तापते. तिने २० ठरवलं. मी काही बोललो नाही.

सप्टेंबरच्या शेवटी उघडीप मिळाली आणि गाडी मैदानावर गेली. टायर कुठले, हाही एक धडा होता. सैल मातीत उंच काट्यांचे टायर पकड घेतात, कडक मुरमावर तेच काटे झिजतात आणि गाडी थरथरते. निपाणीच्या काळ्या रानाचं गणित तिसरंच. दसऱ्याला गाडी तिकडे नेली तेव्हा दाजींच्या मळ्याच्या बांधावर ती ढेकळांत उलटीपालटी झाली. दाजी तंबाखूवाले, पण त्यांच्या घरात बैलगाडीच्या शर्यतींचं वेड पिढ्यान्‌पिढ्या. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूचे कायदे वैध ठरवले, तेव्हा त्यांच्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यांनी गाडीची चाकं बघितली, हाताने दाबून सस्पेन्शन बघितलं आणि बैल बघतात तसं म्हणाले, "मागनं जरा उंच करा. उडी मारली की तोंडावर पडणार नाही." शॉकॲब्सॉर्बरवर एक कडी चढवून मागची बाजू दोन-तीन मिलिमीटर उचलली. गाडी खरंच नीट उतरू लागली. भाचीने वहीत लिहून ठेवलं: निपाणी, मागे जास्त.

गाडीच्या बाबतीत काही गोष्टी अनुभवाने सांगतो. लिथियम पॉलिमर बॅटरी घेतलीत तर चार्जर चांगला घ्या आणि चार्ज करताना घरात मोठं माणूस जागं असू द्या. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणतात, पूर्ण भरल्यावर ती ८.४ होते. प्रत्येक सेल तीन व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ठेवून देताना ३.८ च्या आसपास ठेवायचा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. ही कटकट नको असेल तर निकेलवाली ७.२ व्होल्टची घ्या, थोडी जड, पण निर्धास्त. बुशऐवजी बॉल बेअरिंग बसवा. ५ बाय ११ मिलिमीटरच्या बेअरिंगसाठी कंपनीच्याच पाकिटाची वाट बघायची गरज नाही, बेअरिंगच्या दुकानात विचारा. तीन मिलिमीटरचे स्क्रू कुठेही मिळतात. आणि आपण ज्या गावात राहतो ते विसरू नका. उद्यमबागेत लेथवर पितळेची कडी वळवून देणारी माणसं आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. आमच्या गाडीच्या पुढच्या बंपरचा आधार मोडला तेव्हा आप्पांनी सागाच्या तुकड्यातून नवा कोरला. लाकडाचा भाग आहे म्हणून मित्र हसला. दोन महिने झाले, अजून टिकून आहे.

तयार गाडी वाईट, असं कृपया कुणी यातून घेऊ नका. घरात जोडायला बसणारं कुणी नसेल, मूल लहान असेल, किंवा नुसतं बाहेर पडून पळायचं असेल, तर मित्राची गाडी पैशाच्या मानाने उत्तम आहे. तो आणि त्याचा मुलगा तिच्यावर खूश आहेत. आम्हाला मात्र गाडीइतकीच ती जोडण्याची रात्र हवी होती, म्हणून आमचं उत्तर वेगळं आलं.

आता भाचीचं. सहामाहीत गणितात चाळीसपैकी तेवीस पडले. फार मोठी उडी नाही, आणि तीही गाडीने मारली असं मी म्हणणार नाही. शिकवणीच्या बाईंनी तिची तीन रकान्यांची वही बघितली आणि रोज दहा शब्द घेऊन बसल्या, त्यांचं श्रेय मोठं. दसऱ्याला निपाणीत ताईने तिला विचारलं, काय करायचं, दाखला काढायचा का? ती म्हणाली, "मार्चपर्यंत बघते." हो नाही आणि नाहीही नाही. ताईला ते अपुरं वाटलं, मला पुरेसं वाटलं. तिचं इंग्रजी अजून अडखळतं, वर्गात मैत्रिणी दोनच आहेत, आणि रविवारी संध्याकाळी निपाणीचा फोन आला की अजून तिचे डोळे भरतात. पण रात्री साडेआठला आप्पा टीव्ही बंद करतात आणि ती मोबाइल बाजूला ठेवते. सध्या शॉकॲब्सॉर्बरमधलं तेल बदलायचं चाललं आहे, घट्ट की पातळ यावर दोघांचं पटत नाही.

एक अडचण मात्र उरली आहे. मित्राची गाडी १/१४ मापाची आणि वेगाने दुप्पट, तिच्याशी आमच्या गाडीची शर्यत लागत नाही. एकट्या गाडीने नुसत्या फेऱ्या मारता येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, कागल या पट्ट्यात मंडळाच्या कुणाच्या घरी १/१० मापाची, साध्या मोटारीची बग्गी असेल, जुनी असली, माळ्यावर पडलेली असली तरी चालेल, तर जरूर कळवा. दुरुस्तीला आप्पा आहेत. पिनियन किती दातांचं आहे तेवढं आधी मोजून सांगा, भाचीला हिशोब करून ठेवायचा आहे.